छळविरोधी शिबिराचा अनुभव : मुलांचे सत्र चांगले, पाठपुरावा नावापुरता

गेल्या जून महिन्यात, शाळा सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी आणि रविवारी, पिंपरी-चिंचवडमधील आमच्या २४० सदनिकांच्या संकुलात मुलांमधील छळ, चिडवाचिडवी आणि दादागिरी या विषयावर एका संस्थेचे दोन दिवसांचे जनजागृती शिबिर झाले. मी संकुलाच्या सांस्कृतिक समितीची सचिव असल्याने संस्था शोधणे, शुल्क ठरवणे, सभागृहात खुर्च्या लावून घेणे आणि शेवटी खर्चाचा हिशेब सर्वसाधारण सभेपुढे ठेवणे ही सर्व कामे माझ्याकडे होती, त्यामुळे हा अभिप्राय चारही सत्रांना बसलेल्या आणि पैसे मोजलेल्या ग्राहकाचा आहे, असे समजावे. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण आमच्या काही तक्रारींवर त्यांच्याशी अजून बोलणे चालू आहे. शिवाय अशी सेवा देणारे गट आता पुष्कळ झाले आहेत आणि त्यांपैकी कोणाकडूनही ती घेताना नेमके काय तपासावे हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते. शुल्क २२,००० रुपये होते, आणि पत्रके व भित्तिपत्रके छापण्याचे १,५०० रुपये वेगळे द्यावे लागले. एवढ्या पैशांत ९ ते १२ वयाच्या मुलांचे एक, १३ ते १६ वयाच्या मुलामुलींचे एक, पालकांचे एक आणि संकुलात काम करणाऱ्यांचे एक, अशी चार सत्रे मिळाली.

शिबिर घ्यावे असे का वाटले, हे आधी सांगायला हवे. दोन वर्षांपूर्वी अकोल्याहून एक कुटुंब आमच्याकडे राहायला आले. त्यांचा मुलगा तेव्हा पाचवीत होता आणि बोलताना ‘का’ऐवजी सहजपणे ‘काऊन’ म्हणत असे. आठवड्याभरात तेच त्याचे नाव पडले. आधी क्रिकेट खेळणारी मुले म्हणू लागली, मग शाळेच्या व्हॅनमधली, मग आम्ही मोठी माणसेही. आमच्या म्हणण्यात वाईट हेतू नव्हता, उलट ते लाडाचे वाटत होते. मीसुद्धा एकदा लिफ्टमध्ये ‘काय रे काऊन, अभ्यास झाला का’ असे विचारले आहे आणि त्याने मान खाली घातली होती, हे मला तेव्हा दिसले असूनही कळले नव्हते. पुढे या नावाची गाणी झाली, त्याच्या चेहऱ्याची स्टिकरे झाली, आणि त्याला वगळून इतर सर्व मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप गट झाला. त्याने खाली येणे सोडले. त्यानंतर दोन महिन्यांनी त्याच्या आईने समितीकडे विषय काढला, तेव्हा बैठकीतली पहिली प्रतिक्रिया होती, ‘मुलंच ती, होतं असं’, आणि दुसरी होती, ‘आम्हालाही शाळेत चिडवायचे, आमचं काय बिघडलं?’

जातपंचायतींनी माणसांना वाळीत टाकू नये म्हणून आपल्या राज्याने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्याच राज्यातली शिकलेली माणसे एका मुलाला फोनवरून वाळीत टाकले गेल्यावर ‘होतं असं’ म्हणतात, ही गोष्ट त्या बैठकीत माझ्या मनात सारखी येत होती. ती मी बोलून दाखवली नाही. शिबिराचा ठराव मात्र मांडला आणि तो एका मताच्या फरकाने मंजूर झाला.

लहान मुलांचे सत्र हा या शिबिरातला जमलेला भाग होता. संस्थेतर्फे आलेल्या ताईंनी ‘चांगले वागा’ असा एकही उपदेश केला नाही. त्यांनी सहा खुर्च्या मांडल्या आणि प्रत्येक खुर्चीला एक भूमिका दिली : त्रास देणारा, त्याला हात देणारा, हसून त्याला चढवणारा, बाजूला उभा राहून पाहणारा, मध्ये पडणारा आणि त्रास सोसणारा. ही विभागणी त्यांची स्वतःची नाही. फिनलंडमधील संशोधक क्रिस्टिना साल्मिवल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९६ मध्ये मांडली आणि पुढे तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम याच विचारावर उभा राहिला. ताईंनी हे श्रेय मुलांसमोर आणि नंतर पालकांसमोरही स्पष्टपणे दिले, ही मला प्रामाणिकपणाची खूण वाटली, कारण यापूर्वी ज्या दोन संस्थांशी मी फोनवर बोलले होते त्यांनी सगळे काही ‘आमची स्वतःची पद्धत’ म्हणून सांगितले होते.

मग प्रत्येक मुलाला विचारले गेले की गेल्या महिन्यात तू बहुतेक वेळा कोणत्या खुर्चीवर होतास, आणि उत्तर मोठ्याने सांगायचे नव्हते, तर खुर्चीच्या मागे ठेवलेल्या डब्यात, सर्वांची पाठ वळलेली असताना, एक चिंच टाकायची होती. एकतीस मुलांपैकी चौदा जणांच्या चिंचा ‘पाहणारा’च्या डब्यात निघाल्या. ‘त्रास देणारा’च्या डब्यात फक्त दोन होत्या. मुले एकमेकांकडे पाहू लागली, आणि ताईंना हवे तेच झाले, कारण आपल्यापैकी बहुतेक जण वाईटही नाहीत आणि उपयोगाचेही नाहीत, हे त्यांना भाषणाविना समजले. कॅनडात शाळेच्या मैदानांवर कॅमेरे लावून केलेल्या एका निरीक्षणाविषयी ताईंनी सांगितले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले होते की बघ्या मुलांपैकी कोणी मध्ये पडले, तर निम्म्याहून अधिक वेळा, म्हणजे ५७ टक्के प्रसंगांत, त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला.

या दहा सेकंदांवर पुढचा अर्धा तास बेतला होता. स्टॉपवॉच लावले गेले आणि दहा सेकंदांत काय बोलता येईल हे मुलांनीच शोधायचे होते. सुरुवातीची उत्तरे सिनेमातल्या नायकाला शोभणारी होती : ‘हात लावून दाखव’, ‘माझ्याशी बोल’. ताईंनी ती खोडून काढली नाहीत. फक्त एवढेच विचारले की समोर नववीतला मुलगा असेल तर हे म्हणण्याचे धाडस खरेच होईल का. हशा झाला आणि उत्तरे बदलू लागली. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका दहा वर्षांच्या मुलीचे उत्तर असे होते की आपण त्रास देणाऱ्याशी बोलूच नये, ज्याला त्रास होतो आहे त्याला नुसते म्हणावे, ‘चल, तुझी बॅटिंग आहे’. सत्रातले सर्वांत उत्तम वाक्य हेच होते, असे मला आजही वाटते. त्यात भांडण नाही, शौर्य नाही, आणि एकटा पडलेला मुलगा दहा सेकंदांत गर्दीतून बाहेर येतो.

चोमडेपणाचा प्रश्नही याच सत्रात निघाला. मोठ्यांना सांगितले की मुले ‘चोमडा’ म्हणतात, म्हणून कोणी सांगत नाही, ही अडचण एका मुलाने मांडली. त्यावर ताईंनी दिलेला फरक सोपा होता : एखाद्याला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे हा चोमडेपणा, आणि एखाद्याची सुटका व्हावी म्हणून सांगणे ही मदत. हे वाक्य नंतर कित्येक दिवस मुलांच्या तोंडी होते. अर्थात ते परस्परांवर उलटवण्यातही आमची मुले तरबेज निघाली आणि ‘मी मदत करतोय’ असे म्हणत दोघांनी तिसऱ्याच्या गृहपाठाची बातमी त्याच्या घरी पोचवली, पण तो दोष शिबिराच्या माथी मारता येणार नाही.

१३ ते १६ वयाच्या सत्राबद्दल मात्र एवढे चांगले लिहिता येत नाही. ते घ्यायला दुसरे प्रशिक्षक आले होते. त्यांनी पाऊण तास कायद्याची भीती घातली, एक रडवणारी चित्रफीत दाखवली, आणि मग सर्वांसमोर विचारले, ‘ज्यांच्या बाबतीत असं घडलं आहे त्यांनी हात वर करा.’ एकही हात वर गेला नाही; जाणारही नव्हता. ज्या मुलीचा फोटो मागच्या वर्षी कोणीतरी खोडसाळपणे फिरवला होता ती तिसऱ्या रांगेत होती आणि तिच्याकडे निदान चार जणांनी वळून पाहिले, हे मी भिंतीजवळून पाहिले. सकाळच्या सत्रात चिंचा डब्यात टाकून जी गुप्तता इतक्या साध्या युक्तीने साधली गेली, ती दुपारी त्याच संस्थेच्या माणसाला सुचू नये, याचा अर्थ प्रशिक्षकांमध्ये आपापसात बोलणे होत नाही असाच होतो. शिबिर ठरवताना कोणते सत्र कोण घेणार आहे आणि त्या व्यक्तीने आधी किती सत्रे घेतली आहेत, हे लेखी विचारून घ्यावे. मी विचारले नाही, ही माझी चूक.

पालकांच्या सत्राला २४० पैकी २२ घरांतून माणसे आली आणि त्यांत पुरुष पाच होते. ज्या सभासदांनी ‘आमचं काय बिघडलं’ असे म्हटले होते तेही आले होते, ही जमेची बाजू. ताईंनी सर्वांना एकेक कागद देऊन शाळेत आपल्याला कोणत्या नावाने चिडवत ते लिहायला सांगितले आणि विचारले की आज घरी जाताना जिन्यात कोणी त्या नावाने हाक मारली तर चालेल का. कागद गोळा करायचे नव्हते. एका आजोबांनी आपला कागद चार घड्या घालून खिशात ठेवला आणि नंतर चहा घेताना तो काढून फाडला. त्यानंतर ‘होतं असं’ हे वाक्य त्या सभागृहात कोणी उच्चारले नाही.

पण याच सत्रात एक गंभीर विसंगती होती. पडद्यावर नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांची व्याख्या दाखवली गेली, आणि ती योग्यच होती : दुखावण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणे, आणि दोन बाजूंच्या ताकदीत तफावत, ही तीन लक्षणे असली की तो छळ, बरोबरीच्या दोघांचे भांडण म्हणजे छळ नव्हे. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्यानंतर १९८३ मध्ये तिथल्या सरकारने देशभर मोहीम हाती घेतली आणि ओल्वेयस यांचा कार्यक्रम त्यातूनच बर्गेन शहरातील सुमारे २,५०० विद्यार्थ्यांवर राबवला गेला, हेही सांगितले गेले. एवढे सांगून झाल्यावर एका आईने विचारले की आता नेमके करायचे काय, तेव्हा उत्तर मिळाले, ‘दोन्ही मुलांना समोरासमोर बसवा, हात मिळवायला लावा, विषय संपवा.’ ताकदीत तफावत असेल तर समोरासमोर बसवल्याने ती तफावत फक्त मोठ्यांच्या साक्षीने पक्की होते. दुबळा मुलगा हात मिळवतो, घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी ‘सांगितलंस ना’ म्हणून दुप्पट सोसतो. दोघांशी वेगवेगळे बोलावे, त्रास सोसणाऱ्याला काय हवे ते आधी विचारावे, आणि आठवड्याभराने पुन्हा दोघांना वेगवेगळे भेटावे, एवढे तरी सांगायला हवे होते. मी प्रश्न विचारला, तेव्हा वेळ संपल्याचे कारण मिळाले.

संकुलात काम करणाऱ्यांसाठी ठेवलेले पाऊण तासाचे सत्र सर्वांत लहान होते, आणि माझ्या मते दिलेल्या शुल्कातला मोठा वाटा तिथेच वसूल झाला. त्याला तीन सुरक्षारक्षक, क्रिकेटचे प्रशिक्षक, तरणतलावावरचा मुलगा आणि शाळेच्या व्हॅनचे दोन काका आले होते. त्यांना कोणी अशा विषयावर काही विचारेल, हेच त्यांना नवे होते. एका व्हॅनकाकांनी सांगितले की मागच्या सीटवर कोणाची बॅग फिरवली जाते, कोणाला दाराशी दाबून बसवतात, कोणाचा डबा कोण खातो, हे त्यांना डिसेंबरपासून माहीत होते. ‘मारामारी झाली तर मी गाडी थांबवतो. चिडवाचिडवी हा आपला विषय नाही, असं वाटायचं. मालकांच्या पोरांना आपण काय बोलणार, मॅडम?’ या शेवटच्या वाक्यावर सत्रात काहीच उत्तर नव्हते, आणि ते संस्थेने नाही तर आम्ही सभासदांनी द्यायला हवे होते. फिनलंडच्या शाळांत मधल्या सुट्टीत देखरेख करणारे शिक्षक उठून दिसणारी जाकिटे घालतात, जेणेकरून मोठे माणूस जवळ आहे आणि त्याला या गोष्टीत लक्ष घालण्याचा अधिकार आहे, हे मुलांना दुरूनच दिसावे. आमच्याकडे मोठे माणूस सतत जवळ असते. त्याला अधिकार नसतो. त्याच आठवड्यात समितीने पत्र काढून दोन्ही काकांना जागा ठरवून देण्याचा आणि पालकांना थेट फोन करण्याचा अधिकार दिला. पत्र अर्ध्या पानाचे आहे आणि त्याला खर्च शून्य आला.

आता छापील पत्रकाविषयी. त्यात तीन क्रमांक होते आणि तिन्ही एकाच चौकटीत, काही खुलासा न करता दिले होते. १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक योग्य ठिकाणी होता. तो १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि मुलाला स्वतःलाही विनामूल्य लावता येतो, एवढे तरी लिहायला हवे होते. ‘ऑनलाइन त्रासासाठी’ म्हणून १९३० दिला होता, पण तो प्रामुख्याने पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. फोटो किंवा बदनामीची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करणे सरळ पडते. तिसरा क्रमांक रॅगिंगविरोधी मदतकक्षाचा, १८००-१८०-५५२२, जो उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांसाठी आहे आणि सातवीतल्या मुलाच्या आईला त्याचा काही उपयोग नाही. ज्याचा उपयोग झाला असता तो मानसिक आरोग्यासाठीचा टेली-मानस, १४४१६, पत्रकात नव्हताच. शाळांमध्ये तक्रारपेटी आणि मुलामुलींच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणारी सखी सावित्री समिती असावी असे शासनाचे आदेश आहेत. ही समिती आपल्या शाळेत आहे का, हे पालकांनी विचारावे, अशी एक ओळही त्यात नव्हती. सत्रानंतर मी सात पालकांना विचारले, त्यांपैकी सहा जणांनी या समितीचे नाव प्रथमच ऐकले.

कायद्याचा उल्लेख पत्रकात होता, पण तो घाईने उरकलेला. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे. तो शैक्षणिक संस्थेच्या आत आणि बाहेरही रॅगिंगला मनाई करतो, त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगतो, आणि संस्थाप्रमुखाने तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी केली नाही तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असे मानतो. पत्रकात शिक्षेची कलमे ठळक अक्षरांत होती आणि सात दिवसांची तरतूद गाळलेली होती. ज्या घरांतील मुले यंदा वसतिगृहात जाणार आहेत त्यांच्या हाती लागण्यासारखी नेमकी तीच गोष्ट होती. तेरा वर्षांच्या मुलाला तुरुंगाची भीती दाखवण्यापेक्षा प्राचार्यांना मुदतीची आठवण करून देता येणे मला अधिक कामाचे वाटते.

पाठपुराव्याचे आश्वासन लेखी होते : एका महिन्याने दूरध्वनी, तीन महिन्यांनी एक तासाची भेट. दूरध्वनी सात आठवड्यांनी आला आणि त्यात समाधानाचे तारे किती देता एवढेच विचारले गेले. भेटीचे वेगळे ४,००० रुपये पडतील, असे नंतर कळवण्यात आले. त्याहून मोठी त्रुटी ही की शिबिरापूर्वी परिस्थिती काय होती, याची नोंद संस्थेने घेतलीच नाही. ओल्वेयस यांच्या पद्धतीत मुलांची निनावी प्रश्नावली आधी आणि नंतर भरून घेणे हा पायाच आहे, त्याशिवाय काही बदलले की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. शेवटी ऑगस्टमध्ये आम्हीच चिठ्ठ्यांची पेटी ठेवली आणि एकच प्रश्न विचारला : त्रास कुठे होतो? एकेचाळीस चिठ्ठ्या आल्या. व्हॅन आणि फोन अपेक्षित होते. लिफ्ट अपेक्षित नव्हती, आणि ती सर्वांत जास्त चिठ्ठ्यांत होती. दार बंद झाल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत कोणी मोठे नसते, आणि मुलांना हे आमच्या आधी माहीत होते. दोन्ही लिफ्टमध्ये कॅमेरे आहेत. त्यांचे चित्र दोन वर्षांत कोणी पाहिलेले नव्हते.

पाचपैकी किती, असे विचारले तर लहान मुलांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या सत्रांना साडेचार, पालकांच्या सत्राला तीन, मोठ्या मुलांच्या सत्राला दीड आणि पाठपुराव्याला अर्धा तारा देईन. अशा सेवेसाठी पैसे मोजू इच्छिणाऱ्या गृहसंस्थांनी शुल्काचा निम्मा भाग तीन महिन्यांनंतरच्या भेटीपर्यंत राखून ठेवावा, पत्रकाचा मजकूर छापण्यापूर्वी स्वतः वाचून घ्यावा आणि संस्थेला वेळ कमी असेल तर पालकांचे सत्र कमी करून कर्मचाऱ्यांचे वाढवून मागावे. आम्ही त्याच संस्थेला जानेवारीत पुन्हा बोलावण्याचे ठरवत आहोत, मात्र फक्त त्या ताईंना, आणि मोठ्या मुलांचे सत्र त्यांनीच घ्यावे या अटीवर. संस्थेचे उत्तर अजून आलेले नाही.

अकोल्याचा मुलगा व्हॅनमध्ये आता काकांच्या मागच्या सीटवर बसतो. संध्याकाळी खाली येणे अजून नियमित नाही, आठवड्यातून दोन-तीनदा येतो. मुलांच्या तोंडून ‘काऊन’ मी जुलैनंतर ऐकलेले नाही. मोठ्यांपैकी दोघे अजून म्हणतात, आणि त्यांतले एक समितीत आहेत.